५२ मधून ३७ गेले, उरले २५

५२ मधून ३७ वजा केले की १५ उरतात. दुसरी-तिसरीतली कितीतरी मुलं मात्र २५ लिहितात. वहीवर लाल फुली पडते, मूल पुढच्या गणिताकडे वळतं आणि तिथेही तसंच काहीतरी लिहितं.

हे २५ जरा थांबून पाहण्यासारखं आहे. ते धांदरटपणातून आलेलं नाही. एककाच्या घरात २ मधून ७ जात नाहीत, हे मुलाला बरोबर दिसलं. मग त्याने ७ मधून २ काढले, ५ उरले. दशकाच्या घरात ५ मधून ३ काढले, २ उरले. झाले २५. त्याच मुलाला ८१ मधून ४६ वजा करायला सांगा, ते ४५ म्हणेल. ७० मधून २४ सांगा, ५४ म्हणेल. त्याने पेन्सिल उचलायच्या आधी त्याचं उत्तर आपण सांगू शकतो. ज्या चुकीचं असं भाकीत करता येतं, तिच्यामागे नियम असतो. आणि तो नियम बहुतेकदा आपणच शिकवलेला असतो. पहिलीत कुणीतरी त्याला सांगितलेलं असतं की नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचं. मुलाने ते मनापासून ऐकलं, आणि जिथे ते लागू पडत नाही तिथेही पाळलं.

१९७८ साली जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या दोन अमेरिकी संशोधकांनी शाळकरी मुलांच्या वजाबाक्यांवरचं आपलं काम प्रसिद्ध केलं. शेकडो मुलांच्या उत्तरपत्रिका चाळल्यावर त्यांच्या लक्षात आलं की वरवर विस्कळीत दिसणाऱ्या चुकांपैकी बऱ्याचशा ठरावीक साच्यांत बसतात. कुणी शून्य आलं की गडबडतं, कुणी दशक सुटा करतं पण वरचा आकडा कमी करायला विसरतं, कुणी डावीकडून सुरुवात करतं. संगणकाच्या प्रोग्रॅममधल्या दोषाला ‘बग’ म्हणतात, तोच शब्द त्यांनी या साच्यांना दिला आणि ‘बगी’ नावाचा एक खेळ तयार केला. या खेळात संगणक विद्यार्थी व्हायचा. त्याच्या डोक्यात एक बग बसवलेला असायचा. शिक्षक होऊ पाहणाऱ्यांनी त्याला गणितं घालायची, त्याची उत्तरं पाहायची आणि तो नेमका कसा विचार करतोय ते ओळखायचं. ओळखलं, असं म्हणण्यापूर्वी त्या बगसकट काही वजाबाक्या स्वतः सोडवून दाखवायच्या. म्हणजे त्या विद्यार्थ्याचं चुकीचं उत्तर आपल्याला अगदी बरोबर देता यायला हवं.

चांगला शिक्षक कोण, असं विचारलं की आपण तळमळ, माया, शिस्त, खणखणीत आवाज, फळ्यावरचं सुंदर अक्षर अशी उत्तरं देतो. ती खोटी नाहीत. पण मला सर्वांत थक्क करणारं कसब वेगळं वाटतं, आणि ते वर्गाच्या खिडकीतून डोकावणाऱ्याला दिसतही नाही. मुलाने चुकीचं उत्तर दिलं की त्या उत्तरातून उलट चालत जाऊन त्याचा विचार गाठायचा, तोही चाळीस मुलांच्या गलक्यात, दोन-तीन सेकंदांत.

आपल्याच भाषेतलं उदाहरण घ्या. बाई ‘त्रेसष्ट’ म्हणतात आणि मूल ३६ लिहितं. कानावर आधी तीन आले, मग साठ आले. मुलाने ऐकलं त्या क्रमाने लिहिलं. पंचवीसचे ५२ होतात ते असेच. शिवाय एकोणसाठ बसतात पन्नाशीच्या ओळीत आणि नाव सांगतात साठीचं. मराठीत शंभरपर्यंतचं जवळजवळ प्रत्येक नाव स्वतंत्रपणे पाठ करावं लागतं. जपानी मुलाला मात्र दहापर्यंतचे शब्द आले की ‘दोन दहा एक’ अशा रचनेने नव्व्याण्णवपर्यंत जाता येतं. जर्मन भाषेतही एकक आधी बोलतात आणि तिथली मुलंही आकडे असेच उलटे लिहितात. गणितज्ञ मंगला नारळीकर ‘बालभारती’च्या गणित समितीच्या अध्यक्ष असताना, २०१९ मध्ये, दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ अशी वाचनाची पद्धत आली आणि महाराष्ट्रभर वादळ उठलं. भाषेचं काय होणार, यावर खूप बोललं गेलं. माझ्या मते ती सूचना एका फार बारकाईच्या निरीक्षणातून आली होती: ३६ लिहिणारं मूल काय ऐकतंय, हे कुणीतरी कान देऊन ऐकलं होतं. पद्धत कुठलीही पसंत करा, पण हे ऐकणं झालं नाही तर ३६ वर नुसती फुली पडते आणि मूल समजतं की आपल्याला गणित येत नाही.

विज्ञानात तर असे प्रकार भान हरपायला लावतात. स्टेला वोस्नियादू आणि विल्यम ब्रुअर यांनी १९९२ मध्ये अमेरिकेतल्या साठ प्राथमिक विद्यार्थ्यांशी पृथ्वीच्या आकाराबद्दल बोलून पाहिलं. पृथ्वी कशी आहे, असं विचारल्यावर बहुतेकांनी शिकवल्याप्रमाणे ‘गोल’ म्हणून सांगितलं. पण पुढचे प्रश्न आले, की सरळ चालत राहिलं तर कुठे पोचशील, कडेवरून खाली पडशील का, तेव्हा त्या एका शब्दाच्या आड निरनिराळ्या पृथ्व्या सापडल्या. काहींची पृथ्वी भाकरीसारखी गोल आणि चपटी होती. काहींची पोकळ चेंडूसारखी होती. माणसं आत, सपाट तळावर राहतात आणि वर आकाशाचा घुमट. काहींच्या मते पृथ्व्या दोन होत्या, एक आपण उभे आहोत ती सपाट आणि दुसरी वर आकाशात असलेली गोल. पायाखालची जमीन सपाट दिसते आणि आधार नसलेली वस्तू खाली पडते, हा रोजचा अनुभव सोडायला मुलं तयार नव्हती. आणि मोठ्यांनी सांगितलेलंही त्यांना खोटं पाडायचं नव्हतं. म्हणून त्यांनी दोन्ही सांभाळणारं विश्व रचलं. पुढे हैदराबादच्या मुलांबरोबर असाच अभ्यास झाला, तेव्हा अनेकांची पृथ्वी पाण्यावर तरंगत होती. ‘पृथ्वी गोल आहे’ या वाक्याला पैकीच्या पैकी गुण देणाऱ्या परीक्षेला या साऱ्याचा पत्ताही लागत नाही.

आणि ही विश्वं आपोआप विरून जात नाहीत. १९८७ च्या एका माहितीपटात हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात लोकांना विचारलं आहे की उन्हाळा आणि हिवाळा का होतो. तेवीसपैकी एकवीस जणांना नीट सांगता आलं नाही. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते, हे त्यांतलं आवडतं उत्तर. वास्तविक पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, जेव्हा आपल्याकडे नाशिक-निफाडला द्राक्षबागा थंडीपासून वाचवायची धडपड चाललेली असते. ऋतू होतात ते पृथ्वीच्या कललेल्या अक्षामुळे.

त्या माहितीपटाशी संबंधित फिलिप सॅडलर यांनी पुढे एक सुंदर प्रयोग केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. सातवी-आठवीला विज्ञान शिकवणाऱ्या १८१ शिक्षकांना त्यांनी मुलांचीच बहुपर्यायी प्रश्नपत्रिका दिली आणि प्रत्येक प्रश्नावर दोन गोष्टी विचारल्या. बरोबर उत्तर कोणतं? आणि तुमची मुलं चुकली तर कोणत्या पर्यायावर सर्वांत जास्त खुणा करतील? वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी नऊ हजारांवर मुलांची चाचणी घेतली. जिथे मुलांच्या मनात एखादी भक्कम चुकीची कल्पना ठाण मांडून बसलेली होती, तिथे शिक्षकाला नुसतं बरोबर उत्तर माहीत असणं पुरलं नाही. ज्यांना मुलांचं चुकीचं उत्तरही आधीच सांगता आलं, त्यांची मुलं पुष्कळ पुढे गेली. विषयाचं ज्ञान लागतंच, त्याला पर्याय नाही. पण शिक्षकाचं ज्ञान शास्त्रज्ञाच्या ज्ञानाहून निराळ्या आकाराचं असतं. ली शुलमन यांनी १९८६ मध्ये हे वेगळेपण नेमकं दाखवलं होतं. एखादा धडा कुठे अवघड होतो, कोणत्या उदाहरणाने तो उलगडतो, कोणत्या उदाहरणाने उलट गोंधळ वाढतो, हे जाणणारी विद्या गणिताच्या पदवीत मिळत नाही आणि मानसशास्त्राच्या पुस्तकातही नाही. ती वर्गात तयार होते.

ती प्रत्यक्ष घडताना कशी दिसते, याचं मला ठाऊक असलेलं सर्वांत मोहक उदाहरण १९ जानेवारी १९९० चं आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात ईस्ट लॅन्सिंग गावी डेबोरा बॉल विद्यापीठात शिकवत आणि रोज एका सरकारी शाळेत तिसरीचा गणिताचा तासही घेत. हे तास चित्रित करून ठेवले गेले. त्या दिवशी वर्गात सम आणि विषम संख्यांचं बोलणं चाललं होतं. शॉन नावाचा मुलगा (अभ्यासात मुलांची नावं बदललेली आहेत) म्हणाला की ६ ही संख्या समही आहे आणि विषमही.

इथे थांबून विचार करा, आपण काय केलं असतं. व्याख्या स्पष्ट आहे. दोनने निःशेष भाग जातो ती सम. सहाला जातो. विषय संपला, पुढचं पान उघडा.

बॉल यांनी पान उलटलं नाही. त्यांनी शॉनला समजावून सांगू दिलं. त्याचं म्हणणं असं की सहामध्ये दोन-दोनचे तीन गट होतात आणि तीन तर विषम आहेत. दुसरी मुलं तुटून पडली. एकीने संख्यारेषेवर जाऊन दाखवलं की सम-विषम आळीपाळीने येतात, त्यामुळे सहा विषम असूच शकत नाही. मेई नावाची मुलगी उठली. आधी तिने शॉनचा मुद्दा शॉनपेक्षाही नीट मांडला आणि मग त्याला पेचात पकडलं. असं असेल तर दहात दोनचे पाच गट होतात, मग दहासुद्धा दोन्ही म्हणायचे का? शॉनने क्षणभर विचार केला आणि हे आपल्या लक्षात आलं नव्हतं म्हणून तिचे आभार मानले. दहाही तसेच, असं त्याने जाहीर केलं! खोडून काढायला आणलेलं उदाहरण त्याने आपल्या बाजूला घेतलं.

तिसरीतलं ते मूल व्याख्येत चुकत होतं, पण त्याच्या हाती एक खरीखुरी वस्तू लागली होती. २, ६, १०, १४, १८… दोनचे विषमसंख्य गट करता येणाऱ्या संख्या. युक्लिडने सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी या जातीच्या संख्यांना वेगळं नाव दिलं होतं. त्यांची एक गंमत अशी की कोणत्याही दोन पूर्ण संख्यांच्या वर्गांची वजाबाकी करा, उत्तर कधीही या यादीतलं येणार नाही. ८ येतील (९ वजा १), १२ येतील (१६ वजा ४), पण ६ किंवा १० कधीच नाहीत. करून पाहा. बॉल यांनी वर्गासमोर ठेवलं की शॉनने संख्यांचा एक नवा प्रकार शोधला आहे, आणि त्यांना ‘शॉन संख्या’ असं नाव मिळालं. मग मुलं त्या हुडकू लागली, त्या दर चार पावलांवर येतात हे त्यांना दिसलं. बॉल यांच्या मनात धाकधूक होतीच की याने सम-विषमचा घोळ होईल. काही दिवसांनी त्यांनी छोटी चाचणी घेतली. सर्वांना व्याख्या नीट येत होत्या. ९० ही शॉन संख्या आहे, तरी ती सम आणि विषमच्या सामाईक कप्प्यात एकाही मुलाने टाकली नाही.

हे वाचताना मला सर्वांत मोलाची वाटते ती बॉल यांची गप्प राहण्याची ताकद. गप्प राहण्याचा हा वेळ कुणीतरी मोजलेलाही आहे. मेरी बड रो या विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक शेकडो तासांची ध्वनिमुद्रणं ऐकत बसल्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी किती थांबतात? जेमतेम एक सेकंद. मग नाव घेऊन दुसऱ्याला उभं करतात किंवा उत्तर स्वतःच सांगतात. रो यांनी शिक्षकांना तीन सेकंद थांबायला शिकवलं, प्रश्नानंतर आणि मुलाच्या उत्तरानंतरही. १९७४ मध्ये त्यांनी मांडलेले परिणाम पाहून विश्वास बसत नाही. उत्तरं कितीतरी लांबली, ‘येत नाही’ कमी झालं, मुलं एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागली, स्वतः प्रश्न विचारू लागली. मागच्या बाकांवरची, ‘ढ’ म्हणून ओळखली जाणारी मुलं बोलू लागली आणि त्यांच्याबद्दलचं शिक्षकांचंच मत बदललं. एवढं सगळं दोन जास्तीच्या सेकंदांत. घड्याळ समोर ठेवून वर्गात तीन सेकंद गप्प राहून पाहा, ती किती लांब वाटतात ते कळेल. आपण चुकीचं उत्तर ऐकून घेतच नाही, कारण ते पुरतं बाहेर पडण्याआधी आपण बोलायला लागलेलो असतो.

हा सगळा एकेकट्या शिक्षकाचा भाग झाला. पण असा शिक्षक बदली होऊन गेला, निवृत्त झाला, की त्याच्याबरोबर ते सारं निघून जातं. वजाबाकीतली २५ ची वाट त्याला वीस वर्षांत उमगली, शेजारच्या वर्गातल्या नव्या बाईंना पुन्हा पहिल्यापासून वीस वर्षं घालवावी लागणार. चांगल्या शाळेचा प्रश्न माझ्या लेखी इथे सुरू होतो.

शाळेने काही फरक पडतो का, हीच शंका एके काळी गंभीरपणे घेतली गेली. १९६६ मध्ये अमेरिकेत जेम्स कोलमन यांचा प्रचंड अहवाल आला. सहा लाखांच्या आसपास विद्यार्थ्यांची माहिती त्यात होती आणि त्यातून दिसलं की इमारती, ग्रंथालयं, खर्च यांपेक्षा मुलाच्या घरच्या परिस्थितीचं पारडं फार जड आहे. याला उत्तर लंडनहून आलं. मायकेल रटर आणि सहकाऱ्यांनी शहरातल्या बारा माध्यमिक शाळांचा अनेक वर्षं माग काढला आणि १९७९ मध्ये ‘फिफ्टीन थाउजंड अवर्स’ हे पुस्तक काढलं. मूल शाळेत घालवतं ते साधारण पंधरा हजार तास. घरची परिस्थिती आणि आधीची गुणवत्ता हिशेबात धरूनही काही शाळांतली मुलं स्पष्टपणे पुढे जात होती. इमारत किती जुनी, शाळा किती मोठी, याचा त्याच्याशी संबंध लागला नाही. तास वेळेवर सुरू होतात का, गृहपाठ दिला आणि तपासला जातो का, भिंतींवर मुलांचं काम लावलेलं आहे का, मुलांवर जबाबदाऱ्या सोपवतात का, कौतुक होतं का, आणि शिक्षक अभ्यासक्रम एकत्र बसून आखतात का, याचा संबंध लागला. शेवटची गोष्ट पुन्हा वाचा.

एकत्र बसण्याची कला जपानने ज्या टोकाला नेली आहे, ते पाहून थक्क व्हायला होतं. तिथे ‘जुग्यो केन्क्यू’ म्हणजे पाठाचा अभ्यास करण्याची शंभराहून अधिक वर्षांची परंपरा आहे. एका शाळेतले काही शिक्षक मिळून एकच तास कित्येक आठवडे आखतात. समजा पहिलीतली दशक सुटा करून करायची वजाबाकी आहे. तर पहिलं गणित कोणत्या संख्यांचं घालायचं यावरच चर्चा रंगते. १३ वजा ९ दिलं तर मूल दहातून नऊ काढून उरलेला एक तीनमध्ये मिळवण्याकडे झुकतं. ११ वजा २ दिलं तर आधी एक काढून दहावर येतं आणि मग आणखी एक काढतं. दोन वाटा, दोन निरनिराळ्या समजुती. कोणती आधी उघडायची? मुलं काय काय म्हणतील, कुठे अडखळतील, हे आराखड्यात आधीच लिहून ठेवतात. मुलांच्या अपेक्षित चुकांना तिथे मानाचं स्थान असतं. मग एक शिक्षक तो तास घेतो आणि बाकीचे हातात कागद घेऊन भिंतीशी उभे राहतात. त्यांनी मुलांना मदत करायची नाही. एकेका मुलाची वही पाहायची, त्याने काय लिहिलं, काय खोडलं, कुठे थांबलं ते टिपायचं. तास संपला की सगळे पुन्हा बसतात. आराखडा सर्वांचा असल्यामुळे चुकला तर सर्वांचा चुकतो, तास घेणाऱ्याला एकट्याला ओशाळं व्हावं लागत नाही. सुधारलेला पाठ बऱ्याचदा दुसऱ्या वर्गावर दुसरं कुणीतरी घेऊन पाहतं. फळासुद्धा विचारपूर्वक वापरतात: मुलांनी मांडलेल्या वेगवेगळ्या पद्धती शेजारी शेजारी लिहायच्या आणि तासाच्या शेवटापर्यंत पुसायच्या नाहीत, म्हणजे विचार कुठून कुठे गेला ते सगळ्यांना एका नजरेत दिसतं.

आपल्या जिल्हा परिषद शाळांतही केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, शिक्षकांना एकत्र आणणारी शिक्षण परिषद होते. जागा आहे, माणसं आहेत, वेळ ठरलेला आहे. त्यातले दोन तास माहिती भरण्याच्या आणि परिपत्रकं समजावण्याच्या कामातून सोडवून एका पाठाला दिले, एखाद्या बाईंनी आपल्या वर्गातल्या दहा चुकलेल्या वह्या सर्वांसमोर ठेवल्या, तर त्या दिवशी तिथे जे घडेल त्याची बरोबरी कुठलंही प्रशिक्षण करणार नाही, असं मला ठामपणे वाटतं. शिक्षकाला हे करायला फुरसत हवी. निवडणूक आणि जनगणना तर कायद्यानेच त्याच्या गळ्यात आहेत.

चुकीचं उत्तर वाचण्याची ही नजर वर्गरचनेकडेही वळवता येते. मुंबईत १९९५ मध्ये माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी सुरू केलेल्या ‘प्रथम’ संस्थेने हे करून दाखवलं. मूल पाचवीत आहे आणि त्याला दुसरीचा उतारा वाचता येत नाही. ग्रामीण भारतात अशी मुलं पाचवीच्या वर्गात निम्म्याच्या आसपास असल्याचं ‘असर’ या शिक्षणस्थितीच्या अहवालाच्या पाहण्या वर्षानुवर्षं सांगत आल्या आहेत. शिक्षक पाचवीचं पुस्तक शिकवतो, कारण त्याला ते पूर्ण करायचं आहे. ‘प्रथम’ने एकेका मुलाला शेजारी बसवून विचारलं: अक्षर ओळखतोस का, शब्द वाचतोस का, परिच्छेद, गोष्ट? काही मिनिटांचं काम. मग दिवसातला काही वेळ मुलांना इयत्तेऐवजी या पायऱ्यांप्रमाणे बसवलं. मुंबई आणि वडोदऱ्यात ‘बालसखी’ म्हणून वस्तीतल्याच तरुण मुली मागे पडलेल्या तिसरी-चौथीच्या मुलांना रोज दोन तास शिकवत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी काटेकोर तुलना करून दाखवलं की मुलं खरंच पुढे गेली. महागडं असं त्यात काहीच नव्हतं. मूल कुठे उभं आहे, एवढं कुणीतरी विचारलं होतं.

आणि मूल शाळेत आलंच नाही तर? तेही एक उत्तर असतं. ते वाचणाऱ्या दोन बायका महाराष्ट्रात होऊन गेल्या, आणि शाळा या कल्पनेला त्यांनी जे वळण दिलं त्याची भव्यता अजून आपल्या पुरती ध्यानात आलेली नाही असं मला वाटतं.

ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम करून आलेल्या. मॉन्टेसोरी पद्धत त्यांनी पचवली होती. पण तिची साधनं महाग, आणि ती बालमंदिरं शहरातल्या सुस्थितीतल्या मुलांची. १९४५ मध्ये त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावात ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ तेव्हाच त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली, पण दलित वस्तीतली मुलं तिकडे फिरकेनात. या न येण्याचा सोपा अर्थ लावणं शक्य होतं: लोकांना शिक्षणाची किंमत नाही. आजही हे वाक्य किती सहज बोललं जातं! ताराबाईंनी आणि अनुताईंनी त्या अनुपस्थितीकडे चुकलेल्या वजाबाकीसारखं पाहिलं, म्हणजे तिच्यामागे काही कारण असणार असं धरून. आणि बालवाडी उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. आया कामं करता करता पाहताहेत, लहानगी घरच्या उंबऱ्याजवळच खेळताहेत आणि शिकताहेत. शंख, शिंपले, बिया, खडे, पानं ही साधनं झाली. मोजायला, लावायला, रंग आणि आकार ओळखायला आणखी काय लागतं?

१९५७ मध्ये काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली पाड्यांत. इथे कोडं वेगळं होतं. मुलं दिवसा गुरं राखायला जात. मोठ्या बहिणीच्या कडेवर धाकटं भावंड असे. शाळेची घंटा वाजवून काही होणार नव्हतं. म्हणून गुरं जिथे चरतात त्या कुरणात शाळा भरू लागली, कुरणशाळा. बहिणीला येता यावं म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आली. त्याला विकासवाडी म्हणत. कडेवरचं मूल पाळण्यात, मधलं बालवाडीत, थोरली वर्गात. हजेरीपत्रकावरच्या एका रिकाम्या चौकटीतून या दोघींनी घर वाचलं, शेत वाचलं, आईची मजुरी वाचली आणि त्या वाचनातून शाळेचा आराखडा बदलला. वेळापत्रक, जागा, भिंती, वयाची अट, ज्या गोष्टी आपण शाळेच्या न बदलणाऱ्या गोष्टी समजतो, त्या त्यांनी बदलून पाहिल्या आणि मूल तेवढं हातचं सुटू दिलं नाही.

१९७५ मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना आणली. तिच्यातल्या केंद्रांच्या नावातही ते अंगण आहे: अंगणवाडी. आज देशात सुमारे चौदा लाख अंगणवाड्या आहेत, त्या चालवणाऱ्या सेविका पोषण आहार, लसीकरण, वजनं, नोंदी आणि मोबाइलवरचं अॅप सांभाळत तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिकवतात. त्यांच्या बैठकांत किती मुलं आली, हा आकडा विचारला जातो. त्यांच्यातल्या प्रत्येकीला हेही विचारलं जावं, आणि तिचं उत्तर तीन सेकंद थांबून ऐकलं जावं, असं मला फार वाटतं: बाई, आज कोण आलं नाही, आणि तुम्हाला काय वाटतं, का आलं नसेल?